सोलून काढलेली नऊ वर्षं

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मापबाईंनी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, तेव्हा त्यांच्या तोंडात दोन खिळे होते आणि डाव्या हातात हातोडी. रबराचे तळ पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं बिल आलं होतं. निदान ईमेलवर नाव तरी त्याचंच होतं. बिल उघडलं तर पान कोरं, आणि वरच्या पिवळ्या पट्टीत लिहिलेलं, ‘मजकूर दिसत नसल्यास इथे दाबा’. बाईंनी दाबलं. तरी काही दिसेना. "मेल्याला साधं बिल धड पाठवता येत नाही," असं खिळ्यांच्या फटीतून पुटपुटत त्या उठल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

काम म्हणजे बूट, पण चारचौघांचे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा आत वळलेला, कुणाची बोटं यंत्रात गेलेली. बाजारातला कुठलाच जोड ज्यांच्या पायात जात नाही, ती माणसं मापबाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीत यायची. त्या खोलीच्या दाराशी पूर्वी एक पायरी होती. बाईंनी ती घरमालकाला न विचारता एका दुपारी फोडून टाकली. घरमालक तणतणत आला तेव्हा त्यांनी त्याच्या हातात कुबड्या दिल्या आणि म्हणाल्या, "शेजारच्या दाराची पायरी यांच्यावर चढून दाखवा, मग माझ्यावर ओरडा." त्यानंतर तो पायरीबद्दल बोलला नाही.

हा धंदा त्यांना सासऱ्यांनी शिकवला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. नवा माणूस दारात आला की बाई आधी त्याच्या पायांकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे, म्हणून गल्लीने त्यांना मापबाई करून टाकलं. हाताला त्यांच्या तोड नव्हती, जिभेलाही नव्हती. बूट चावतो अशी तक्रार घेऊन कुणी आलंच, तर बाई आधी त्याच्या चालण्यात खोट काढायच्या, मग मोज्यात, आणि अगदीच नाइलाज झाला तर बुटात. त्यामुळे तक्रारी फार येत नसत, आणि याचाही बाईंना अभिमान होता.

नवरा पाणीपुरवठा खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला. त्याला सगळे फायलीकाका म्हणत. बाई गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवायच्या आणि बाजूला टिपणं लिहायच्या. एकतीस वर्षांचे असे कागद पोत्यांत भरून पडले होते. निवृत्तीनंतर काकांना घर खायला उठलं, तेव्हा ते या पोत्यांच्या मागे लागले. दोन वर्षं बसून त्यांनी एकूण एक कागद स्कॅन केला, प्रत्येकाला नाव आणि साल दिलं, आणि तीन वर्षांपूर्वी सगळी पोती रद्दीवाल्याला देऊन टाकली. खोली इतकी मोठी दिसायला लागली की बाईंनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. असं कौतुक काकांच्या वाट्याला फारसं येत नसल्यामुळे त्यांना ती तारीखसुद्धा पाठ होती.

काकांनी अक्कलहुशारीने सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. पण खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची आणि डिस्क खिशात मावेल एवढी. कुणी उचलली म्हणजे? बाईंनी मग तिला जाड कातड्याचं आवरण शिवलं, आणि ते आवरण वायरीसकट टेबलाच्या पायाला दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. "आता न्या म्हणावं," त्या म्हणाल्या. ती डिस्क त्या दिवसापासून कॉम्प्युटरला कायमची जोडलेली राहिली.

तर त्या सोमवारी अकरा वाजता कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. बारा वाजता बाईंना भिंगरी नावाच्या एका पोरीची फाईल हवी होती, म्हणून त्यांनी हात पुसले आणि खुर्चीत बसल्या. फाईल उघडेना. दुसरी उघडली, तीही नाही. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं तर प्रत्येक नावाच्या शेवटी सात-आठ अक्षरांची एक अनोळखी शेपटी चिकटलेली, आणि पायांच्या छोट्या चित्रांच्या जागी पांढरे कोरे चौकोन. त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एका नावाला शेपटी फुटली. मग पडदा काळा झाला आणि त्यावर लाल अक्षरं आली. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर तीन दिवसांत पैसे पाठवा, नंतर रक्कम दुप्पट, आणि आठवड्याने किल्ली कायमची नष्ट. खाली एक घड्याळ उलटं चालत होतं.

"अहो!" बाई ओरडल्या. "घरात चोर शिरलाय!"

फायलीकाका अंगणात कपडे वाळत घालत होते. ते हातातली काठी घेऊनच आत धावले.

चोर कुठे आहे हे त्यांना कळायला दोन मिनिटं लागली. कळलं तेव्हा ते काठी उगारूनच पडद्यासमोर उभे राहिले. बाईंनी मात्र इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीला फोन लावला. ही दुरुस्तीवाली दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या आईचे बूट बाईंकडेच व्हायचे.

"वायर काढलीत ते उत्तम," दुरुस्तीवाली म्हणाली. "वायफायचा डबा बंद करा. मोबाइल, पेनड्राइव्ह काहीही त्याला लावू नका. आणि दुसरी प्रत असलेली ती डिस्क आधी काढा, लगेच!"

"ती निघत नाही. शिवलेली आहे."

"शिवलेली म्हणजे?"

"म्हणजे सुईदोऱ्याने शिवलेली! टेबलाला!"

बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून रापी उचलली आणि कातडं कापायला घेतलं. पण तो टाका त्यांच्याच हातचा होता. तो सुटायला चार मिनिटं लागली, आणि तोवर डिस्कवरच्या प्रत्येक नावालाही शेपटी लागली होती.

दुरुस्तीवाली अर्ध्या तासात आली. तिने पडद्याचे फोटो काढले, त्या काळ्या चिठ्ठीची आणि दोन-तीन कुलूपबंद फायलींची नक्कल स्वतःच्या वेगळ्या यंत्रावर घेतली आणि बराच वेळ काहीतरी शोधत बसली. अशा कुलपांपैकी काहींच्या किल्ल्या पोलिसांच्या आणि भल्या इंजिनिअरांच्या हाती लागतात, त्या फुकट मिळतात, असं ती म्हणाली. शेवटी तिने मान हलवली.

"हे कुलूप नवीन आहे, मावशी. याची किल्ली अजून कुणाकडे नाही. पोलिसांत तक्रार करा. या कुलूपबंद फायली मी बाजूला काढून ठेवते, पुढेमागे किल्ली निघालीच तर उघडता येतील. मग कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरायचा. ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड आजच दुसऱ्या फोनवरून बदला."

"आणि पैसे?" काकांनी हळूच विचारलं.

"नका देऊ, काका. देऊनही किल्ली मिळेल याची खात्री नाही. शिवाय एकदा दिलेत की पैसे देणारं घर म्हणून तुमचं नाव त्यांच्या यादीत चढतं. पुन्हा येतात."

"देतंय कोण?" बाई कडाडल्या. "माझ्याच खोलीत, माझ्याच कपाटाला कुलूप लावतो, आणि वर माझ्याकडेच किल्लीचं भाडं मागतो? फुटकी कवडी देणार नाही!"

पोलीस ठाण्यातल्या माणसाने अर्ज लिहून घेताना विचारलं, नेमकं काय गेलं? बाई म्हणाल्या, "पाय. सहाशे अकरा माणसांचे." त्याने पेन थांबवलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तसंच लिहून घेतलं.

सहाशे दहा जणांचं काही तरी करता आलं असतं. त्यांना पुन्हा बोलवायचं, पुन्हा कागदावर उभं करायचं, पुन्हा पेन्सिल फिरवायची. वर्ष मोडलं असतं, पण जमलं असतं. खरा घोर होता तो भिंगरीचा.

भिंगरी तेरा वर्षांची. जन्मली तेव्हा तिचा डावा पाय आत मुडपलेला होता. प्लास्टरं झाली, पट्ट्या झाल्या, आणि चौथ्या वर्षापासून दर वर्षी मापबाईंचे बूट. एका जागी म्हणून ती कधी थांबायची नाही, यावरून तिचं नाव पडलेलं. बाप बस चालवायचा आणि आई नव्हती. बूट घ्यायला आली की पोरगी बाईंच्या कामाच्या पाटावर बसून शाळेतल्या सगळ्या भांडणांचा अहवाल द्यायची, आणि बाई ‘तू काय म्हणालीस मग?’ असं प्रत्येक भांडणात विचारायच्या. हा पाय म्हणजे बाईंचं भूषण होतं. आलेल्यागेलेल्याला त्या सांगायच्या, मी सरळ केलाय हा.

आता मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला पुढच्या सोमवारी बोलावलं होतं. आधीचे डॉक्टर शहर सोडून गेले होते आणि त्यांची कागदपत्रं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या डॉक्टरांनी बापाला स्पष्ट सांगितलं होतं, "पाय आज कसा आहे ते मला दिसतंय. पण दर वर्षी कसा होता ते कळल्याशिवाय सुरी लावायची की थांबायचं हे ठरवता येणार नाही. स्थिर असेल तर बूट पुरेत. परत आत वळत असेल तर वाढ संपायच्या आत ऑपरेशन करायला हवं. चुकीचं ठरलं तर आयुष्यभर लंगडेल." बाप तडक मापबाईंकडे आला होता. नऊ वर्षांचे नऊ पाय जगात फक्त तिथेच होते. बाई तेव्हा छाती पुढे काढून म्हणाल्या होत्या, "सोमवारी सगळे छापून देते."

बुधवारी सकाळी बाई कातडं भिजत घालत होत्या, तेवढ्यात फायलीकाका आपला फोन घेऊन आले. त्यांचा चेहरा चोरून साखर खाणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "मी त्याला लिहिलं."

"कुणाला?"

"त्याला. कुलूपवाल्याला. तो म्हणतो, नमुन्यादाखल एक फाईल फुकट उघडून देतो. मग मी दुरुस्तीवालीकडून एक फाईल मागून घेतली. कशाला हवी ते तिला नाही सांगितलं. भिंगरीच्या पाचव्या वर्षाचा पाय. त्याने उघडून दिला, हे बघ."

फोनवर इवलासा डावा पाय होता. करंगळी आत दुमडलेली, आणि बाजूला बाईंचं अक्षर. बाईंनी फोन हातात घेऊन चष्म्याजवळ धरला. मग तो खाली ठेवला.

"तुम्ही त्या नालायकाशी पत्रव्यवहार केलात? त्याला काय लिहिलंत, तीर्थरूप?"

"त्याच्याकडे किल्ली आहे, हे तरी कळलं ना!" काकांचाही आवाज चढला, आणि असं वर्षातून एकदा व्हायचं. "वर्षभराच्या कातड्याचे पैसे जातील, जाऊ देत. ते कागद रद्दीत मी घातले. मी! तू रोज सांगत होतीस, राहू देत पोती. त्या पोरीचा पाय वाकडा राहिला तर तुला कुणी बोलणार नाही, पण मला रोज आरशात बघायचं आहे."

बाईंना त्यांची कणव आली, आणि राग होता तो तसाच राहिला. त्यांनी पाट ओढून नवऱ्यासमोर बसकण मारली.

"ऐका. पोती राहू देत म्हणाले, पण जागा झाली तेव्हा नाचले मीच. बटण दाबलं मी. डिस्क शिवली मी. तुम्ही एकट्याने सगळा मान घेऊ नका. पण हे पैसे त्याला गेले, की उद्या तो तेवढ्याच ताकदीने दुसऱ्या घरात शिरणार. तिथेही कुणाची तरी भिंगरी असेल. त्याच्या धंद्याला मी भांडवल पुरवू? आणि तो पाय खरा कशावरून? कुठला तरी पाय चिकटवून दिला असेल."

"तुझं अक्षर आहे त्यावर."

"अक्षराचं काय घेऊन बसलात! मी साच्यावर ठेवून बघते."

साचा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्याच्यावर बूट चढवून शिवतात. बाईंच्या घराण्याची रीत अशी, की साचा पाय जसा आहे तसाच ठेवायचा, वाकडा तर वाकडा. सुधारणा जी करायची ती बुटाच्या आत. पाय वाढला की लहान साचा फेकायचा नाही. लाकूड महाग, आणि ते कोरायला आठवडा जातो. त्याऐवजी जिथे पाय भरला तिथे कातड्याचे पातळ थर खळीने चिकटवायचे, बारीक चुका, म्हणजे इवले खिळे, मारायच्या आणि कानशीने घासून नव्या पायाचा आकार द्यायचा. लांबी वाढली तर टाचेला लाकडाची चकती. अगदीच मावेना झालं, की मग नवा साचा. भिंगरीचे असे तीन साचे फळीवर टांगलेले होते.

काकांनी तो पाय खऱ्या मापात छापून आणला. बाईंनी सगळ्यात धाकटा साचा काढून कागदावर ठेवला. साचा मोठा होता, कारण त्यावर सहाव्या आणि सातव्या वर्षाचे थर चढलेले होते. बाईंनी नखाने कड खरवडली. थर एकावर एक दिसत होते, लाकडाजवळ काळपट, वर फिकट. मधल्या थराच्या कडेला बॉलपेनाचा निळा ठिपका होता. बाई थबकल्या.

"सासरेबुवा तारीख लिहायला लावायचे," त्या हळूच म्हणाल्या. "वरचा थर लावण्याआधी खालच्यावर तारीख. इतकी वर्षं लिहितेय आणि वाचली कधीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो चोर गेला खड्ड्यात! पाणी तापवा."

काकांना काही कळलं नाही, पण पाणी त्यांनी तापवलं.

थर काढायचे म्हणजे साचा मारायचा. पुन्हा तो जुळणार नव्हता. पुढचे बूट करायला नवं लाकूड कोरावं लागणार होतं. म्हणून बाईंनी आधी बापाला फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, बटणापासून डिस्कपर्यंत. तो सकाळची पाळी संपवून पोरीला घेऊनच आला.

"पैसे भरायचे असतील तर मी अर्धे देतो," तो म्हणाला.

"कशाला?" भिंगरी बापावरच उखडली. "आपलेच पाय विकत घ्यायचे? मावशी, तुम्ही सोला हो."

बाईंनी वाफेवर कडा मऊ केल्या, पक्कडीने चुका उपटल्या आणि बोथट सुरी थराखाली सरकवली. पहिला थर सुटला, आणि खाली निळ्या शाईत तारीख होती. उरलेला साचा कागदावर उभा करून त्यांनी भोवती पेन्सिल फिरवली. सहावं वर्ष. दुसरा थर सुटला आणि पाचवं वर्ष बाहेर आलं. ती रेघ त्यांनी चोराने उघडून दिलेल्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला धरली. केसाचाही फरक नव्हता.

"नमुना फुकट दिल्याबद्दल आभार म्हणावं," बाई म्हणाल्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं आणि रक्कम दुप्पट झाली, असं काकांनी सांगितलं. बाई दुसरा साचा सोलत होत्या. "चौपट कर म्हणावं," त्यांनी वर न बघता उत्तर दिलं. संध्याकाळी दुरुस्तीवाली आली, नमुन्याची हकिकत ऐकून तिने काकांना चांगलं फैलावर घेतलं, आणि मग सगळा कॉम्प्युटर पुसून टाकला. काकांनी आता दोन डिस्क आणल्या होत्या. एक कपाटात, एक बहिणीच्या घरी, आणि कामापुरतीच जोडायची. बाईंना सुईदोरा आणायला बंदी होती.

शुक्रवारी तिसरा साचाही संपला. काकांनी नऊ कागद जमिनीवर ओळीने मांडले आणि कारकुनी अक्षरात वर्षं घातली, चार, पाच, सहा, अशी बारापर्यंत. मग कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले.

"अगं, हे शेवटचे दोन उलटे लागलेत का?"

"उलटे कसे लागतील? तारखा आहेत ना."

"मग पाय परत आत कसा गेला?"

बाई गुडघ्यांवर रांगत त्या ओळीशी आल्या. चौथ्या वर्षी कोयरीसारखा वाकलेला पाय दर वर्षी उलगडत गेला होता. दहाव्या वर्षी तो जवळजवळ सरळ होता. अकराव्या वर्षी रेघ किंचित आत झुकली, आणि बाराव्या वर्षी ती स्पष्ट दिसत होती. त्यांनी फळीवरून शेवटचे सोललेले थर उचलून बोटांत धरले. बाहेरच्या बाजूचा थर जाड होता, आतल्या बाजूचा पातळ. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी घासून तसा केला होता, आणि मनात काही आलं नव्हतं.

पूर्वी प्रत्येक नव्या जोडाच्या वेळी त्या सगळे जुने कागद असेच जमिनीवर मांडायच्या. फायली कॉम्प्युटरवर गेल्यापासून फक्त गेल्या वर्षीची उघडायच्या, पडद्यावर मावेल एवढी. एका वर्षाचा फरक तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावरून त्या पुढचा जोड शिवायच्या आणि लोकांना सांगायच्या, मी सरळ केलाय.

"अजून कुणी पाहिलेलं नाही," काका खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना काय सुचवायचं होतं ते त्यांनाही नीट ठाऊक नसावं.

पेन्सिल बाईंच्या कानावर होती. शेवटच्या दोन रेघा सूतभर बाहेर सरकवायला कितीसा वेळ लागला असता? जगात कुणाला कळणार नव्हतं. बूट चालू राहिले असते, नावही. बाई त्या दोन कागदांकडे बघत राहिल्या, आणि आठवडाभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्या पंगतीला आपण जाऊन बसतोय, हे त्यांना लख्ख कळलं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खिडकीबाहेर भिरकावली.

"गुंडाळा हे," त्या म्हणाल्या. "आहे तसं."

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत नऊ कागद जमिनीवर मांडायला जागा पुरेना, म्हणून खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. बाप दाराशी उभा राहिला. भिंगरी टेबलावर चढून बसली, पाय हलवत. डॉक्टर वाकून बघू लागले, पण ते काही बोलायच्या आत मापबाईच बोलल्या.

"इथपर्यंत पाय सरळ होत आला. इथून परत आत वळायला लागला. दोन वर्षं झाली. कागदांत चूक नाही, एका वर्षाची खात्री मी वेगळ्या नोंदीवरून केली आहे. चूक माझी आहे. मी बूट करत राहिले आणि मला दिसलं नाही."

डॉक्टरांनी दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षाचे कागद एकमेकांवर ठेवून उजेडाला धरले. "बरं झालं आणलेत," ते म्हणाले. "ऑपरेशन करू या. आणखी दोन वर्षं गेली असती तर हे काम फार मोठं झालं असतं." बापाने भिंतीला हात टेकला आणि सुस्कारा सोडला. तो सुटकेचा की भीतीचा, हे त्यालाच माहीत.

मापबाई मान ताठ ठेवून भिंगरीकडे वळल्या. पोरगी चिडेल, रडेल, काहीतरी तडकाफडकी बोलेल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. पण भिंगरीचे हलणारे पाय थांबले होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं चावतोय बूट."

"मग बोलली का नाहीस? शाळेत तर सगळ्यांशी भांडतेस!"

"तुमच्याशी कसं भांडणार? तुम्ही सगळ्यांना सांगायचात, सरळ झालाय म्हणून." तिने खांदे उडवले. "मला वाटलं, माझंच चुकत असेल."

मापबाईंच्या तोंडाशी दहा उत्तरं आली असतील, त्यांतलं एकही त्यांनी बाहेर पडू दिलं नाही. त्या खाली जमिनीवर बसल्या, कागदांच्या मधोमध. त्यांनी भिंगरीच्या डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि तो पाय आपल्या मांडीवर घेतला. करंगळीच्या बाजूला घट्टा होता, जुना, पिवळा पडलेला.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "कुठे?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं, मग वाकून बोट ठेवलं. "इथे."

"आणखी?"

"इथे. आणि जिना उतरताना इथे, आतून."

मापबाईंनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन न विचारता ओढून घेतलं आणि ती सांगेल तिथे, तिच्या पायावर, एकेक खूण करायला घेतली.